हाताची घडी

परवा तुमच्या आईने फोनवर सांगितले की धाकट्याच्या शाळेत त्याच्यासाठी खास बैठक झाली. एका लांब टेबलाभोवती वर्गाच्या बाई, वाचन शिकवणाऱ्या बाई, आणखी दोन-तीन जाणकार, आणि एका टोकाला तो स्वतः पाय हलवत बसलेला. प्रश्न एकच होता: याला अक्षरे पटकन ओळखता येत नाहीत म्हणून शाळा जी जादा मदत देते, ती याला पुरते का? सगळ्यांनी मते दिली आणि शेवटी त्यालाही विचारले. तो म्हणाला, मदत पुरते, पण त्या खोलीत थंडी फार वाजते.

मला हसू आले आणि थोडा हेवाही वाटला. अशा एका बैठकीत मीही बसले आहे. टेबल होते, त्यावर नवी चादर होती, चादरीवर काजूची बशी होती. फक्त ज्यांच्याबद्दल प्रश्न होता त्यांना काही विचारावे, हे कोणाच्या मनात आले नव्हते. ती हकीकत लिहून पाठवते आहे. मराठी वाचायचा कंटाळा आला तर आईकडून वाचून घ्या, पण इंग्रजीत करून मागू नका. यातली माणसे इंग्रजी बोलायला लागली तर मलाच ओळखू येणार नाहीत.

नव्वदचे दशक संपत आले होते. तुमचे आजोबा रेल्वेत, दौंडला, आणि मी शिरूरला मुलींच्या शाळेत. माझे अर्धे आयुष्य न्हावरा आणि चौफुला या दोन थांब्यांच्या मध्ये एसटीत गेले. मी निवृत्त झाले तेव्हा मुख्याध्यापिका होते आणि विषय इंग्रजी. इंग्रजी शिकवणाऱ्या बाईला सगळेच कळते असा तालुक्यात समज होता. तो दूर करण्याची मी कधी घाई केली नाही.

त्या सुमारास अपंगांसाठी नवा कायदा आला होता आणि खात्याने विशेष शाळांची तपासणी काढली होती. दौंडच्या बाजूला तपासणी समितीत एक लोकप्रतिनिधी, एक खात्याचा अधिकारी, एक शिक्षणतज्ज्ञ आणि एक महिला असावी असे ठरले. शेवटच्या दोन्ही जागा माझ्या एकटीत भागत असल्यामुळे समिती तिघांतच आटोपली. लोकप्रतिनिधींना सगळा तालुका आप्पा म्हणत असे. ऊस, दूध, सोसायटी, लग्नाची बोलणी, असे एकही क्षेत्र नव्हते ज्यात आप्पांचा शब्द शेवटचा नव्हता. अधिकारी, म्हणजे आमचे साहेब, पुण्याहून यायचे. ते निवृत्तीला आले होते आणि कोणतीही शाळा बंद पडू नये, निदान आपण खुर्चीत असेपर्यंत पडू नये, अशी त्यांची इच्छा होती.

पहिलीच शाळा आम्हाला मिळाली ती मूकबधिर मुलींची निवासी शाळा. तेव्हा तोच शब्द होता. केडगावच्या पुढे हमरस्ता सोडून आत, उसाच्या मधोमध. इमारत पूर्वी पोल्ट्रीची शेड होती. खेळती हवा आणि भरपूर उजेड या बाबतीत आम्ही शाळेला पूर्ण गुण दिले. ते खरे म्हणजे कोंबड्यांचे होते.

फाटकाशी जीप थांबली तेव्हा तिथे एक माणूस उकिडवा बसला होता. डोक्याला लाल पागोटे, शेजारी रिकामी पिशवी. उठून त्याने आप्पांना रामराम घातला आणि म्हणाला, "आप्पा, एक काम व्हतं."

"पाव्हणं, आधी शाळेचं काम होऊ दे," आप्पा म्हणाले. तो पुन्हा खाली बसला.

स्वागत जोरात झाले. मुलींनी लेझीम केली. हलगीचे ठोके कानांना नाही तरी तळपायांना कळतात, त्यामुळे एकीचेही पाऊल चुकले नाही. मग स्वागतगीत. आता मूकबधिर शाळेत स्वागतगीत कसे, असे तुम्ही विचाराल. मीही विचारणार होते, पण पाहुण्यांचे स्वागत गाण्याशिवाय झाले तर तो पाहुण्यांचा अपमान असतो, आणि त्यातून सूट द्यायची कोणत्या नियमात सोय नाही. टेपरेकॉर्डर लावला होता. गाणे टेपवर, आणि दोन रांगांत उभ्या मुली त्याबरोबर ओठ हलवत होत्या. आप्पा डोळे मिटून मान डोलावत होते.

"काय गोड गळा हाय वो पोरींचा," ते मला म्हणाले.

तेवढ्यात टेप संपली. मुलींना ते कसे कळणार? त्या तशाच, मनापासून, ओठ हलवत राहिल्या. शेवटी मुख्याध्यापकांनी हात वर केला तेव्हा थांबल्या. साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

मुख्याध्यापकांबद्दल एक सांगते, नाहीतर तुम्ही त्यांना खलनायक समजाल. सडसडीत, अबोल, फार प्रामाणिक माणूस. शहरात राहून त्यांनी या मुलांना शिकवण्याचे रीतसर शिक्षण घेतले होते आणि जे शिकले त्यावर त्यांची श्रद्धा होती. मुलींना बोलते करायचे, हे त्यांचे व्रत. आरशापुढे बसवून, ओठांचा आकार दाखवून, गळ्यावर हात ठेवायला लावून एकेक आवाज काढून घ्यायचा. यात एकच शत्रू होता, तो म्हणजे हात. मुलीला हातवाऱ्यांनी बोलायची सोपी वाट सापडली, की ती जिभेला कष्ट देत नाही. म्हणून हात बंद.

"वर्गात हाताची घडी, हा आमचा पहिला नियम, मॅडम," ते म्हणाले.

तुमच्या आईच्या शाळेत बाई ओरडायच्या, हाताची घडी, तोंडावर बोट. इथे तोंडावर बोटाची गरज नव्हती. घडी घातली की वर्ग खरोखरच गप्प होत असे. इतकी शिस्त मला माझ्या साऱ्या नोकरीत कधी बघायला मिळाली नव्हती. प्रत्येकीच्या गळ्यात ऐकण्याच्या यंत्राची डबी, वायर कानापर्यंत. डब्या अगदी कोऱ्या होत्या. एरवी खराब होऊ नयेत म्हणून त्या कपाटात कुलपात असतात, हे मुख्याध्यापकांनी स्वतःच सांगितले. सेल घातले आहेत का, हे मी विचारले. ते म्हणाले, काहींत आहेत.

एकेक मुलगी उभी राहून बोलू लागली. पा. बा. मा. पाणी. मामा. एकेका शब्दामागे महिनेच्या महिने होते हे मुलींच्या कपाळावरच्या घामावरून दिसत होते. साहेब लिहून घेत होते.

मला शाळा बघायची ती मागच्या बाजूने बघायची सवय. पुढच्या बाजूला नेहमी रांगोळी असते. स्वच्छतागृहे बघते असे सांगून मी शेडच्या मागे गेले. तिथे धुण्याचे दगड होते आणि ज्यांना पाहुण्यांपुढे उभे करायचे नव्हते अशा मुली तिथे ठेवल्या होत्या. मी भिंतीच्या कोपऱ्याशीच थांबले.

मधोमध एक अकरा-बारा वर्षांची मुलगी होती. एका भुवईवर जुना व्रण, वेण्या घट्ट. ती बोलत होती. हातांनी, खांद्यांनी, भुवयांनी, सगळ्या अंगाने. बाकीच्या मधेच तोडत होत्या, भांडत होत्या, ती त्यांना उडवून लावत होती. भाषा मला येत नव्हती, पण विषय कळला, कारण विषय आम्हीच होतो. तिने पोट पुढे काढले, मिशीला पीळ दिला, गळ्यात हार घालून घेतला आणि डोळे मिटून मान डोलावली. आप्पा. मग खिशातून पेन काढून न बघता सही करणारे साहेब. मग तिने नाकावरचा चष्मा वर केला आणि एका बोटाने खिडकीची धूळ पुसून बोट डोळ्यांपाशी नेले. मुली हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. मी सकाळी खरोखरच तेवढे एक केले होते.

तेवढ्यात दुसऱ्या बाजूने शिक्षिका आल्या. क्षणात सगळ्या हातांच्या घड्या झाल्या. चेहरे असे, की यांना कधी काही सांगायचे असेल असे वाटू नये.

मी पुढे आले तेव्हा आप्पांचे चहा-पोहे चालू होते आणि तो फाटकाजवळचा माणूस आता त्यांच्यासमोर उभा होता. तो कवठे येमाईकडचा. आजा-बापाच्या काळात मेंढरांमागे रानोमाळ हिंडणारे घर. आता थोडी शेती आणि घरापुरती मेंढरे. मुलगी चार वर्षे इथे होती आणि तो तिला कायमची घरी न्यायला आला होता. मुख्याध्यापकांची अडचण अशी, की तपासणीच्या दिवशीच एक मुलगी कमी झाली तर ते कसे दिसेल.

"आप्पा, तुमीच सांगा," तो म्हणत होता. "शाळेत घातली तवा सर म्हणले, बोलती करू. आता चार वर्सं झाली. सुट्टीला घरी येती, कोपऱ्यात बसती, हाताची घडी घालून. पयलं निदान हातानं सांगायची, भूक लागली, कुत्रं आलं, आईनं मारलं. आता त्ये बी न्हाई. म्हंजी व्हतं तेवढं बी गेलं."

"पण सर म्हणतात बोलती," आप्पा म्हणाले.

"बोलती व्हय? मग माझ्याम्होरं बोलू द्या. आई म्हणली तर ठिवतो. न्हाई म्हणली तर घिऊन जातो."

आप्पांना हे फार आवडले. खात्याने दिलेल्या छापील प्रश्नांपेक्षा असा निवाडा त्यांच्या सवयीचा होता. "बोलवा पोरीला," ते म्हणाले.

आली ती भुवईवर व्रणवाली.

मुख्याध्यापकांच्या तोंडचे पाणी पळाले होते. आई हा शब्द ओठांवर दिसत नाही. पा, बा, मा दिसतात. आ आणि ई दोन्ही तोंडाच्या आत घडतात, आणि बहिऱ्या मुलाला ते शेवटी येतात. हे त्यांनी मला हळूच सांगितले, पण आप्पांना सांगायची सोय नव्हती. त्यांनी मुलीचा हात आपल्या गळ्यावर ठेवला, आवाज दिला, तोंड उघडून दाखवले. मुलीने डोळे मिटले आणि सगळी ताकद लावून एक आवाज काढला. लांब, जड, घशातून ओढून आणलेला.

"म्हणली," आप्पा म्हणाले. "म्हणली की. काय साहेब?"

"स्पष्ट नाही, पण म्हणाली," साहेब म्हणाले.

बापाने मान हलवली. "न्हाई आप्पा. रागवू नगा, पर न्हाई. अंधारात मेंढी वराडली तरी मला कळतं कुठल्या कोकराला हाक मारती. ह्ये आई न्हाई."

"आरं, तुला एवढं कळतंय तर तूच का शिकवत न्हाईस?"

"म्या मेंढरं शिकवतो, आप्पा. त्येंला अनुदान न्हाई."

आप्पा हसले, पण निवाडा त्यांनीच ठरवलेला, त्यामुळे मागे फिरता येईना. "मग बापाची मर्जी," ते म्हणाले आणि पोह्यांकडे वळले.

शिक्षिकेने मुलीची पत्र्याची पेटी आणून दिली. बापाने ती खांद्यावर घेतली, मुलीला मानेने "चल" म्हटले आणि फाटकाकडे चालू लागला. आपली मुलगी मागून येतेच आहे असे धरून तो मैदान ओलांडून पार रस्त्यापर्यंत गेला. ती झेंड्याच्या खांबापाशीच थांबली होती, हातांची घडी घालून.

बाप वळला. मैदान मोठे आणि वर उसावरून वारा, हाक मारून उपयोग नव्हता, आणि ती मारायची कोणाला. त्याने पेटी खाली ठेवली, उजवा हात डोक्यावर सरळ उभारला आणि स्वतःकडे गोल फिरवला. मेंढरांमागे असलेली माणसे या टेकडीवरून त्या टेकडीवरच्या सोबत्याला अशा खुणा करतात, हे मी एसटीच्या खिडकीतून कितीदा पाहिले होते. कळप वळव, इकडे आण. मुलगी शाळेत येण्याआधी त्याच्याबरोबर रानात जात असे, हे नंतर त्याच्याकडूनच कळले.

मुलीने मागे वळून शिक्षिकेकडे पाहिले, मग मुख्याध्यापकांकडे. मी त्यांच्या शेजारीच उभी होते. म्हटले, "सर, घडी सोडायला सांगा."

"साहेबांसमोर?" ते म्हणाले. "मॅडम, शेरा पडेल."

"साहेब पोहे खात आहेत."

मुलीकडे बघत त्यांनी आपले दोन्ही हात, जे त्यांनीही नकळत बांधलेले होते, सोडले.

मुलीने दोन्ही हात वर केले, तळवे खाली धरले आणि जमिनीच्या दिशेने हळूहळू दाबले. दोनदा. बाप जागच्या जागी थांबला. मग त्याने पुन्हा हात फिरवला, जरा जोरात. तिने पुन्हा तळवे दाबले, आणि मग धीर सुटल्यासारखे तिचे हात भरभर चालू लागले. शेडकडे, मुलींकडे, स्वतःच्या छातीकडे, तोंडाजवळ. बापाला त्यातले अर्धेअधिक कळत नव्हते, तो हाताने थांब, परत सांग, असे करत होता, आणि ती थांबून परत सांगत होती. मग तो सांगू लागला. मैदानाच्या या टोकाला ती आणि त्या टोकाला तो, चांगले कडाक्याचे भांडण चालले होते. आवाज फक्त झेंड्याच्या दोरीचा.

"काय चाललंय?" आप्पा बशी घेऊन बाहेर आले.

बाप पेटी घेऊन परत आला. धापा टाकत होता. "ऱ्हायचं म्हणती," तो म्हणाला. "आमची खूण हाय ती. इथं चारा हाय, कळप हलवू नगा. तेच म्हणती सारखं. हितल्या पोरींसंगं बोलाया मिळतं म्हणती, घरी कोण बोलत न्हाई."

"मग बोलायचं की घरी तिच्याशी," मी म्हटले.

तो मुख्याध्यापकांकडे वळला. रागाने नव्हे, हिशेब लागत नसल्यासारखा. "सर, तुमीच म्हणला व्हता ना, घरी कुणी हात वापरू नगा, न्हाईतर पोर बोलायची न्हाई? आमी समदे हात बांधून बसलो. हिची आई जेवाया वाढून हात पदराखाली घ्यायची. म्हातारी बी. दिवाळीला घरात माणसं आन् सगळ्यांची हाताची घडी. आमाला वाटलं, ही कवा बोलती बघू."

शाळेची सूचना इतक्या काटेकोरपणे पाळणारे पालक मुख्याध्यापकांना त्याआधी भेटले नव्हते, आणि मलाही नाही.

पेटी आत गेली. आम्ही टेबलाशी बसलो, कारण छापील प्रश्न अजून शिल्लक होता: शाळेचा कार्यक्रम विद्यार्थ्यांच्या गरजा पुरेशा भागवतो काय? होय किंवा नाही.

"होय," आप्पा म्हणाले. "पोरगी स्वतः म्हणती ऱ्हाते. आनखी काय पायजे?"

मी म्हटले, "ती राहते म्हणते ते शाळा जे शिकवते त्यासाठी नाही. शाळा ज्याला बंदी करते त्यासाठी."

"म्हणजे नाही लिहू?" साहेबांनी पेन उचलले. "नाही लिहिले की मान्यता अडकली. मान्यता अडकली की मुली घरी. घरी म्हणजे तुम्ही आत्ताच ऐकलेत."

तेही खरे होते. होय लिहिले तर हात बांधलेले राहणार होते, नाही लिहिले तर त्यांच्याशी बोलायला कोणी उरणार नव्हते. मी म्हटले, होय लिहा, पण सोबत लिहा की मुलींना आपसात हातांनी बोलू द्यावे आणि पालकांनाही ते शिकवावे.

साहेबांनी कागद उलटापालटा करून पाहिला. त्यांना मनापासून मदत करायची होती. "याचा रकाना नाही, बाई. भाषा या रकान्यात बसत नाही, तिथे वाचा-शिक्षण छापलेले आहे. शिस्तीत घालता येत नाही, तिथे ते उलट जाते." मग त्यांचा चेहरा उजळला. "सहशालेय उपक्रम. तिथे कितीही घालता येते."

तर अशा रीतीने लेझीम आणि बागकाम यांच्यामध्ये त्या मुलींची भाषा सरकारदरबारी छंद म्हणून दाखल झाली. आप्पांनी सही केली. मुख्याध्यापकांनी सूचना पाळली, कारण ती लेखी होती. रोज दुपारी एक तास हात मोकळे सोडायचे असे त्यांनी वेळापत्रकात घातले. मुली त्या तासाला काय करतात, असे मी पुढे विचारले तेव्हा म्हणाले, "बाकीच्या तासांबद्दल तक्रारी करतात, बहुधा." नंतर हळूहळू तो तास लांबत गेला. आप्पांनी मात्र पुढच्या निवडणुकीत प्रत्येक सभेत सांगितले की आपल्या तालुक्यात मुक्या पोरी गाणी म्हणतात.

दिवाळीच्या सुट्टीत शिरूरच्या स्टँडवर त्या मुलीचा बाप मला पुन्हा भेटला. बाजारासाठी तो मागे थांबणार होता. मुलगी आणि तिची आई कवठ्याच्या गाडीत खिडकीशी बसल्या होत्या. बाहेर उभे असलेले सगळे लोक खिडक्यांतल्या लोकांना ओरडून काहीतरी सांगत होते, इंजिन घरघरत होते, आणि आतले लोक कानाला हात लावून "काय? काय?" करत होते.

"बरं चाललंय का?" मी विचारले.

"कसलं बरं, बाई," तो म्हणाला. "ऐकत न्हाई कुणाचं. सकाळपास्नं रातपातूर बडबड. हिची आई चुलीपुढं बसली की हिचं सुरू. तिला उत्तर द्याया दोन्ही हात लागत्यात. भाकरी तव्यावर, आन् ह्या दोघी बोलत्यात. रोज करपलेली खातोय. सर म्हणले व्हते, बोलती करू, ते काय खोटं नव्हतं."

एवढे बोलून तो गाडीकडे वळला, कारण मुलगी काचेवर टकटक करत होती. त्या गोंगाटात तिने त्याला काहीतरी लांबलचक सांगितले. त्याने मधेच हाताने तिला थांबवले, दोन शब्द सांगितले, तिने मान उडवली. गाडी हलली तरी त्यांचे संपले नव्हते. तो चाकांच्या धुळीत चार पावले पुढे गेला आणि हात डोक्यावर उभारून तिला उत्तर देत राहिला.